एवढा एकच परिच्छेद

बायको येसूबाई गेल्यापासून बिरड्याचे वाल दिनानाथच सोलायचा. निम्मे तुटायचे. त्या दुपारीही तो पडवीत परात घेऊन बसला होता. समोर मृणाली समाजकार्याच्या एम.ए.चा अर्ज भरत होती. ‘हे शिक्षण तुम्हाला कशासाठी हवे?’ याचं उत्तर पाचशे शब्दांत द्यायचं होतं.

“बाबा, आयक ना,” म्हणून ती वाचू लागली. “तीन वर्षांपूर्वी गावकीने आम्हाला वाळीत टाकलं. आईच्या छातीत कळ आली तेव्हा गावात तीन टेम्पो उभे होते. तिन्ही मालकांनी सांगितलं, चावी सापडत नाही...”

तेवढ्यात रावजी पायरी चढून आला. गावकीचा अध्यक्ष, आणि वाळीत पडण्याआधी मृणाली दोन वर्षं शिकवत होती त्या बालवाडीच्या संस्थेचाही. तीन वर्षांत तो या घराशी बोलला नव्हता. येसूबाईला खांदा द्यायलासुद्धा रेवसहून तिचे भाचे आले, तेव्हा चार खांदे झाले.

“काय दिनानाथ, बरा हायस ना?” जणू कालच भेटले होते. येसूबाईच्या खुर्चीत तो ऐसपैस बसला. “पोरी, शिफारशीसाठी हापिसात दिलेला तुजा कागद वाचला. झकास लिवलंस. ह्या बघ शिफारसपत्र, सही करूनच आनलंय. फक्त तो वाळीतवाला परिच्छेद काढ. मुंबयवाले वाचतील, गावाची अब्रू जाईल.”

“आणि माझी आई गेली ती, रावजीकाका?”

“तिचा आयुष्यच तेवढा व्हता. काढ, आजपासून तुमी गावात. पानी, लग्न, मयत, समदा चालू.”

उद्या अर्जाची शेवटची तारीख होती. पत्राशिवाय अर्ज घेत नव्हते.

“काढ गो,” दिनानाथ बोलून गेला. “एवढा एकच तर हाय.”

मृणालीने बापाकडे पाहिलं.

स्वतःचा हा आवाज दिनानाथच्या ओळखीचा होता. बारा वर्षांपूर्वी सोनाबाईचं घर वाळीत होतं. तापाने फणफणलेला नातू काखेत घेऊन ती याच पायरीवर आली होती. तेव्हा दिनानाथकडे टेम्पो होता. “चावी सापडत न्हाय,” त्याने सांगितलं होतं. पोर वाचलं नाही. येसूबाईने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

त्याने रावजीच्या हातातलं पत्र घेतलं, घडी केली आणि त्याच्याच खिशात कोंबलं.

“ऊठ त्या खुर्चीतून.”

“पोरीचा वाटोळा करशील, दिनानाथ!”

“ऊठ म्हनतो ना!”

रावजी बडबडत पायऱ्या उतरला.

“बाबा, पत्र?”

“आताच निघू. तुज्या कालेजातल्या बाईंच्या दारात बसू. देतील तर देतील.” त्याने वालाची परात बाजूला सारली. “पन तुजा कागद अजून अर्धाच हाय. पुढं लिव. माज्या बापानं सोनाबाईला चावी सापडत न्हाय म्हनून सांगितलं.”

मृणालीचा हात थांबला.

“लिव गो. चावी त्याच्या खिशात व्हती.”