पाणबुडीचं परीक्षण

लय शहाणा समजत हुतो मी सोताला. फौजेतनं पेन्शनीवर आलो आन् कराडच्या एका साप्ताहिकात खेळांच्या मशिनींवर लिवायला लागलो. जत्रंतली बंदुकीची मशीन झाली, पाचगणीच्या हाटेलात टीव्हीला जोडलेला चेंडूचा खेळ झाला. कुठं नेम लागतो, कुठं डोकं लागतं, कुठं नुसती फसवणूक, समदं लिवायचो. नाथाजीनं लिवलं म्हंजे खरंच, आसं लोक म्हनायचे.

एकुणऐंशी साली कोयनानगरात तंबू आला. आत मुंबईची पाणबुडीची मशीन. दुर्बिणीतनं बघायचं, जहाज कुठं वळंल ते आधीच ताडायचं, मग बटन दाबायचं. जहाज बुडलं की मशीन आशी गडगडायची की शेजारच्या चाळीतली भांडी वाजायची.

माझी धाकटी बहीण राही त्याच चाळीत ऱ्हायची. दाल्ला आकाराम धरणावर कामाला, पदरात तीन महिन्यांचं लेकरू. सदुसष्टच्या भूकंपापासनं तितं घरोघर एकच रीत. फळीवर तांब्यावर तांब्या ठेवायचा, वाजला की हातातलं टाकून अंगणात पळायचं. मशीन आल्यापासनं बायाबापड्या दिसातनं धा धा येळा पळायला लागल्या. मला आपलं हसू! मी छापून दिलं, ‘मशीन झकास हाय. तांब्या वाजला तर पळू नका, नाथाजी खेळतोय म्हना आन् भाकरी थापा.’

अंक चाळीत पोचला, त्याच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी दुर्बिणीला डोळा लावला. नेम हुकला. हुकला की मशीन गप ऱ्हाती, पर ही गडगडलीच. मी हात काढला. तरी गडगड. पायाखालची भुई सरकत हुती.

"नाथाजी, लय जहाजं बुडवली गड्या आज!" मागनं कुनीतरी हसलं.

"आरं मुडद्यांनो, ह्यो खेळ न्हाई! भाईर पळा!"

मी तंबूतनं भाईर आलो. चाळीच्या अंगणात चिटपाखरू नव्हतं. एक बी बाई भाईर आली नव्हती. आई आंबाबाई, हे काय करून बसलो मी! तसाच राहीच्या खोलीकडं धावलो.

राही चुलीपुढं निवांत भाकरी थापत हुती. लेकरू झोळीत. मला बघून तिचा हात थांबला.

"दादा, तू हितं? मग मशीनवर कोन हाय?"

मी झोळीत हात घातला. लेकरू उचललं, तिचा दंड धरून भाईर वढली. मागं आढं कडाडलं, कौलं धडाधड खाली आली.

शेजारच्या धोंडुबाईला आमी दगडांखालनं काढलं. जिती हुती, पर गुडघ्याखाली पायाचा चेंदा झालेला. "तुमीच लिवलं हुतं न्हवं?" येवढंच ती म्हनली. मान वर करायची माझी छाती झाली न्हाई.

दिस कलला, गारठा पडला. लेकरू रडायला लागलं. चाळीचं एक टोक अजून उभं हुतं. राहीनं माझ्याकडं बघितलं.

"दादा, तिकडल्या खोलीत जाऊ का रं आता? तू सांगशील तसं."

तिचा अजून माझ्यावर इस्वास हुता. आन् त्येचीच मला समद्यात जास्त भीती वाटली.