भिंतीखालचा गोंद

काका गेल्यावर पुतण्याने काकूंना तयार घरांच्या कारखान्यातून काढले होते. "काकू, तुम्ही आता घरी बसा." काकूंनी ते शब्द मनात जपले आणि नवे घर बांधायला मुद्दाम त्यालाच बोलावले.

फोम भरलेल्या तयार भिंती लाकडी जमिनीवर उभ्या करताना त्याने घाईघाईत खालच्या पट्टीखाली फट बंद करणारा गोंद घातलाच नाही. काकूंनी ते पाहिले. छप्पर चढेपर्यंत मात्र ब्र काढला नाही.

मग कामगारांदेखत त्यांनी भिंतीच्या पायथ्याशी मेणबत्ती धरली. फटीतल्या वाऱ्याने ज्योत आडवी झाली.

"आतून बुजवतो, काकू," पुतण्या ओशाळून म्हणाला.

"मुळीच नाही. छप्पर उतरव, भिंती उचल, गोंद घाल."

"अहो, तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा मी घरी बसले होते, बाळा. तूच बसवलं होतंस."

अंगणात खुर्ची मांडून काकू छपराचा पहिला स्क्रू निघण्याची वाट पाहत बसल्या.