माझ्या पोटातलं नाजूक औषध

मित्रांनो, मी औषधांच्या दुकानातला एक जुना फ्रिज आहे आणि मला माझ्याच पोटाची किळस येते. शी!

असा मी नव्हतो. पहिल्या मालकीणबाई दर सोमवारी मला आतून लख्ख पुसून काढायच्या. कुणी विचारलं, "जैविक औषध म्हणजे काय हो?" तर हातातलं काम ठेवून सांगायच्या, "जडीबुटी नव्हे हो. साध्या गोळ्या रसायनांपासून बनतात, हे जिवंत पेशींकडून बनवून घेतात. इन्सुलिन त्यातलंच. फार नाजूक. उकाड्याने बिघडतं, गोठलं तरी बिघडतं." मग माझ्या दारावर थाप मारून म्हणायच्या, "हा सांभाळतो." तेव्हा माझा ऊर भरून यायचा.

बाई थकल्या आणि त्यांचा भाचा दुकानात बसू लागला. त्याने आल्या आल्या माझ्या पोटात स्वतःचा डबा कोंबला. मग आंबलेलं दूध, सरबताच्या बाटल्या, अर्धवट खाल्लेलं काहीबाही. डब्यातलं तेल गळून इंजेक्शनांच्या खोक्यांना चिकटलं. बाटल्यांना जागा हवी म्हणून शिवणकाम करणाऱ्या मावशींचं सांधेदुखीचं इंजेक्शन, तेही जैविकच, त्याने चक्क बर्फाच्या कप्प्यात सरकवलं. त्याचा पार दगड झाला. मावशी येणार त्या सकाळी त्याने ते बाहेर काढून ठेवलं. वितळल्यावर ते पहिल्यासारखंच दिसत होतं.

"गोठलं नव्हतं ना रे?" मावशींनी विचारलं.

"छे हो मावशी! एकदम ताजं."

खोटारडा मेला! मला तोंड असतं तर तिथेच ओरडलो असतो.

महिन्याने मावशी आल्या त्या आखडलेली बोटं घेऊन. "काडीचा गुण नाही बघ. सुईत दोरा ओवता येत नाही. नातीचा फ्रॉक अर्धाच पडलाय."

"वय झालं आता, मावशी," म्हणत भाचा पुढचं इंजेक्शन काढायला वळला. मावशी त्याच्या मागोमाग आत आल्या.

"थांब. तो फ्रिज नीट उघड बघू."

"कशाला उगाच?"

"उघड म्हणते ना!"

दार उघडलं. आंबूस भपकारा सुटला. मावशींनी नाकाला रुमाल लावला. त्यांच्या नावाचं या महिन्याचं खोकंही बर्फाला घट्ट चिकटलेलं होतं. त्यांनी ते ओढून पाहिलं, पण त्या बोटांना ते निघेना.

"मागच्या वेळी असलंच टोचून घेतलं मी?" त्या एवढंच म्हणाल्या.

भाच्याने मान खाली घातली. लाज मलाही वाटली.

मित्रांनो, घरच्यांसाठी असं औषध आणायला गेलात तर भीड धरू नका. फ्रिज उघडून दाखवा म्हणा. आत डबा दिसला तर तसेच मागे फिरा.

मावशीही तशाच फिरल्या. जाताना त्यांनी माझं दार कोपराने लोटलं, हाताने त्यांना ते लावता येईना. डबा अजून आतच आहे.