डावा कप्पा, एक पाऊल मागे

मी कवायत मास्तरांच्या हृदयाचा डावा कप्पा बोलतोय. जरा कान जवळ आणा, पूर्वीसारखा आवाज निघत नाही.

चौसष्ट वर्षं मी आणि शेजारचा उजवा एकाच हुकमावर काम करत आलो. त्याच्याकडे फुप्फुसांचं हलकं काम, माझ्याकडे अख्खे मास्तर, टकलापासून बुटापर्यंत. पण तक्रार? छे!

मग माझ्या बाहेरच्या दाराची झडप बिघडली. सर्जनबाईंनी नवी बसवली, झकास बसवली. पण माझ्याकडे हुकूम आणणारी वाट त्या दाराला अगदी खेटून जाते. नेमकी तीच दुखावली. तेव्हापासून हुकूम आधी उजव्याला पोचतो आणि तिकडून रखडत माझ्याकडे. त्याचं काम सुरू झालेलं असतं आणि मी अजून "काय म्हणालात?" विचारत असतो.

सहा महिन्यांत मी दमून फुगलो. मास्तरांच्या पावलांना सूज आली, जिना चढताना ते दोनदा बसू लागले.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या हृदयाची आधी उजवी बाजू हलते, मग डावी. अशानं ते पार निकामी होईल. दोन्ही बाजू एकदम चालवणारं यंत्र बसवू."

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. "उजवा-डावा, उजवा-डावा! अहो, याला कदमताल म्हणतात. दोन्ही पाय एकदम उचलले तर माणूस तोंडावर आपटेल. फक्त सुरुवात डाव्यानं हवी. तेवढं मी बघतो."

आणि बघितलं की हो! रोज सकाळी आरशासमोर छातीवर बोट रोखून ओरडायचे, "डावा! डावा आधी!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्यापायी हा हट्टी माणूस जाणार होता.

एकदा बूट चढवतानाच ते धापा टाकत खाली बसले. बायकोनं बूट काढून घेतला.

"अहो, सावधानला टाचा कशा जुळवता? आधी एक, मग दुसरी?"

"काहीतरीच! दोन्ही एकदम. खाडकन!"

"मग हृदयाला चालायला कोण सांगतंय? त्याला सावधान करून आणू."

मास्तरांनी बसल्या बसल्या टाचा जुळवून पाहिल्या. मग म्हणाले, "त्या डॉक्टरला आधीच नीट सांगता येत नव्हतं?"

आता यंत्र बसलंय. उजवा आणि मी पुन्हा एकदम, खाडकन. सूज उतरली. मी अजून पूर्वीसारखा झालो नाही, पण होतोय.

एकच विनंती. मास्तर फिरून आले की खुर्चीत टेकतात, छातीवर थाप मारतात आणि कौतुकानं म्हणतात, "शाब्बास! विश्राम!"

दर वेळी माझा ठोका चुकता चुकता राहतो. मास्तर, आजवर तुमचा एकही हुकूम मुद्दाम मोडला नाही. हा मोडतोय. पाया पडतो, तेवढं म्हणू नका.