मागचं उजवं चाक

"टाक बाई पाऊल, भुई आहे खाली, आई पुढे आली हात घेऊन."

हा आवाज माझ्या आईचा. मी सहा वर्षांची असेन. धाकट्या बहिणीला ती चालायला शिकवत होती आणि मी दाराच्या चौकटीला टेकून बघत होते. बहीण दोन पावलं झेपावायची आणि धपकन बसायची. आई हसायची नाही, रागवायचीही नाही, ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. पुढे बहीण चालायला लागली, पळायला लागली, सासरी गेली. आईही गेली. ती ओळ मी कधी कुणापाशी काढली नाही. ती माझ्याजवळ आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

पस्तीस वर्षांनी एका उताराच्या तळाशी, उलट्या झालेल्या गाडीत, मी सीटच्या पट्ट्याला लटकत होते तेव्हा ती ऐकू आली. अगदी कानाशी. खाली भुई नव्हती, गाडीचं छप्पर होतं. त्यावर पाण्याची बाटली, नकाशांची गुंडाळी आणि माझा एक बूट पडला होता.

मी सर्वेक्षण खात्याची गाडी चालवते. चालवते म्हणायचं की चालवत होते, हे अजून ठरलेलं नाही. जिथे रस्ता संपतो तिथून आमचं काम सुरू होतं. कोरडी नदीपात्रं, मुरमाच्या टेकड्या, काटेरी झुडपांची माळरानं. मी गाडी न्यायची आणि साखळीकाकांनी माप धरायचं. साखळीकाका माझे अकरा वर्षांचे जोडीदार. लोखंडी साखळीने जमीन मोजायचे दिवस कधीच सरले, आता तिपाईवरचं यंत्र सगळं करतं, पण यांचं नाव साखळीच राहिलं. अंगाने काडी, साठीकडे झुकलेले, बोलणं कमी आणि चहा जास्त.

वाळूत शिरण्याआधी चाकांतली हवा कमी करावी लागते. मऊ चाक पसरतं, रुतत नाही. वाळू संपली की बॅटरीला पंप जोडून हवा पुन्हा भरायची, कारण तेच मऊ चाक पुढे आडव्या उतारावर दगा देतं. यात आमची वाटणी ठरलेली होती. डावी दोन चाकं माझी, उजवी दोन काकांची. एकाने दुसऱ्याच्या चाकाला हात लावायचा नाही. अकरा वर्षांत आमचं भांडण झालं ते एकदाच, मी त्यांच्या चाकाच्या हवेच्या तोंडावरची टोपी बसवली म्हणून. "बाई, मी तुमच्या ताटात हात घालतो का कधी?" म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी यंत्राच्या आकड्यांपलीकडे बोलले नाहीत.

त्या दिवशी पंप तापला. माझी दोन्ही चाकं झाली होती, काकांचं पुढचं झालं होतं, तेवढ्यात पंप बंद पडला. तो निवेपर्यंत काका वाळूत राहिलेल्या खुणेच्या काठ्या गोळा करायला गेले. परत आले ते काठ्या मोजत. त्या नादात चौथं चाकही आपण भरलंच आहे अशी त्यांची समजूत झाली. खिशातली टोपी काढून बसवली आणि ते पुढे चालू लागले. आडव्या उतारावर ड्रायव्हरखेरीज कुणी गाडीत बसायचं नाही, हाही आमचाच नियम. म्हणून ते वाचले. उतार उजवीकडे होता. मागचं उजवं चाक रिममधून निसटलं आणि गाडीने दोन कोलांट्या खाल्ल्या.

आणि मी वाचले ती काकांमुळे. आधी त्यांनी वायरलेसवर निरोप दिला. मग फुटलेल्या काचेतून आत सरपटत आले. पट्टा कापला असता तर मी मानेवर पडले असते. म्हणून ते माझ्याखाली ओणवे झाले आणि माझं वजन स्वतःच्या पाठीवर घेतलं. दोन तास. काडीएवढा माणूस, आणि मी काही फुलासारखी नाजूक नाही. मधे एकदा मी विचारलं, "काका, जड होतंय का?" ते म्हणाले, "गप्प पडा बाई, अकरा वर्षं ऐकून घेतोय तुमचं, हे त्यामानाने हलकं आहे."

पलीकडच्या खाणीतली माणसं धावत आली. स्ट्रेचर नव्हतं, म्हणून कुणीतरी आपल्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून उचकटून आणलं आणि त्यावर मला वर चढवलं. ते दार कुणाचं होतं मला आजही माहीत नाही. त्या संध्याकाळी कुणाच्या तरी खोलीला दार नव्हतं, एवढं मी विसरत नाही.

खुब्याचं हाड दोन जागी, उजवी मांडी, तीन बरगड्या. मांडीत सळई घातली. सात आठवडे आडवी होते, मग घरी आले. घर दुसऱ्या मजल्यावर. नवरा लेथवर काम करतो, त्याला शब्दांपेक्षा लोखंड लवकर सुचतं. मी यायच्या आधीच त्याने पलंगाला नळीची मूठ बसवली होती, न्हाणीघरात दुसरी, कमोडशेजारी तिसरी. प्रत्येक मूठ माझ्या पंजाच्या मापाची. माप कधी घेतलं विचारलं तर म्हणाला, "झोपली होतीस तेव्हा."

सासूबाईंना मात्र शब्दांची टंचाई कधीच पडली नाही. आमचं लग्न झाल्यापासून त्यांना माझं गाडी चालवणं खुपत आलेलं. आता सून पलंगावर हाती सापडली. रोज सकाळी माझे केस विंचरायला बसायच्या आणि कंगव्याबरोबर तोंडही चालायचं.

"डोंगरावर गाडी घालायची काय हौस गं? सपाट जमीन संपली होती का जगातली?"

"ऑफिस सांगतं तिथे जावं लागतं, आई."

"ऑफिस सांगेल विहिरीत उडी घाल."

"पंप घेऊन घातली असती."

"हसवू नकोस, गुंता सुटत नाहीये." आणि गुंता सोडवताना मला एकदाही ओढ बसू द्यायच्या नाहीत. शौचाचं भांडंही त्यांनी उचललं, सत्तरीच्या बाईने, नाकाला पदर न लावता. मी रडले तर म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचं दोन वर्षं काढलं, तुझं दोन महिने काढते. हिशोब कसला करतेस?"

व्यायाम शिकवायला एक पोरगेली फिजिओ यायची. सासूबाई तिला मास्तरीण म्हणत. ती सोमवारी आणि गुरुवारी यायची, बाकीचे दिवस काकांचे. दुपारी चारला बेल वाजायची. तोवर सासूबाईंच्या चहाला उकळी आलेली असायची. घराबाहेर लांब कॉरिडॉर आहे, एका बाजूला सात दारं, दुसऱ्या बाजूला जाळी. मी वॉकर धरून चालायची आणि काका माझ्यामागे प्लास्टिकचं स्टूल घेऊन. पाय थरथरला की मी न बघता बसायची, आणि स्टूल खाली असायचंच. एकदाही चुकलं नाही.

"आले सिंहासन घेऊन," सासूबाई दारातून म्हणायच्या.

"राणीसाहेबांची स्वारी निघालीय, वहिनी. बाजूला व्हा."

पहिल्या आठवड्यात एक दार. पंधरा दिवसांनी तीन. चौथ्या दारामागे कुणी तबला शिकायचं, पाचव्यापाशी फोडणीचा वास, सहाव्यापाशी एक म्हातारे खास आम्हांला बघायला खुर्ची टाकून बसू लागले. माझं जग तेवढंच होतं आणि मला ते पुरत होतं. सातव्या दाराला पहिल्यांदा हात टेकवला तेव्हा सहाव्या दारातल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि काका स्टुलावर स्वतःच बसले.

इतकं सगळ्यांनी दिलं, आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

गाडी सुरू करण्याआधी एक फेरी मारायची आणि चारही चाकांना बुटाने एकेक टोला द्यायचा, ही माझी जुनी सवय. हात लावायला बंदी होती, पायाला नव्हती. भरलेलं चाक बुटाला उलट ढकलतं. त्या दिवशी मागच्या उजव्या चाकाने ढकललं नाही. बूट आत गेला. काका तेव्हा पुढे वीस पावलांवर होते, माझ्याकडे पाठ करून. हाक मारली असती तर त्यांना आपलं चाक राहिल्याचं वाईट वाटलं असतं, म्हणून गप्प बसले, असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं. पंप निवायला अजून पाव तास लागला असता. मला कंटाळा आला होता, उन्हाने डोकं उठलं होतं, आणि माझ्या हातावर माझा फाजील भरवसा होता.

हॉस्पिटलमध्ये साहेब चौकशीला आले तेव्हा मी औषधांच्या गुंगीत होते. "काही आठवतंय?" त्यांनी विचारलं. "नाही," मी म्हणाले. त्या वेळी ते खरंही असेल. चार दिवसांनी सगळं लख्ख आठवलं, पण तोवर काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं, चाक माझं होतं, चूक माझी आहे. साहेबांनी त्यांना काढलं नाही, समज देऊन रजेवर पाठवलं. मी रोज ठरवायची, आज सांगू. चारला बेल वाजायची, स्टूल यायचं, आणि मी वॉकर धरून निघायची. मला साहेबांची भीती नव्हती. अपराधी वाटतं म्हणून हा माणूस येतो, ते वाटणं मी काढून घेतलं आणि बेल वाजायची थांबली तर? मग सातव्या दारापर्यंत मी कुणाच्या भरवशावर जाऊ?

पाचव्या महिन्यात मास्तरणीने वॉकर काढून घेतला आणि काठी दिली. त्याच आठवड्यात, शुक्रवारी, काका स्टुलाबरोबर एक कागद घेऊन आले. सहाव्या दारापर्यंत गेलो. म्हातारे आत झोपले होते. मी बसले. काका जाळीला टेकून उभे राहिले.

"बाई, जरा वाचून बघा. साहेबांना द्यायचंय सोमवारी."

मी वाचलं. चारच ओळी होत्या. माझी रजा संपते आहे, मला पुन्हा कामावर बोलावलं आहे, पण मी आता या कामाला लायक राहिलेलो नाही, तरी मला मोकळं करावं.

"कोण बोलावतंय?"

"नवीन ड्रायव्हर आलाय. त्यालाच मी हवाय. नदीपलीकडचा पट्टा मोजायचाय, दोन महिन्यांचं काम." त्यांनी जाळीतून बाहेर पाहिलं. "पट्टा चांगला आहे. एकतीस वर्षांत पाहिला नाही मी तो."

"मग जा की."

"हात धजत नाही. परवा रस्त्यात एकाच्या सायकलचं चाक बसलं होतं. हवा भरून द्या म्हणाला. पंप माझ्या हातात दिला त्याने, आणि माझा हात असा..." त्यांनी हात पुढे करून दाखवला. तो आत्ताही कापत होता. "सायकलच्या चाकाला, बाई. लोक म्हणतील काय, म्हातारा सायकलीला घाबरतो."

"घरी काय म्हणतात?"

"बायको म्हणते, घरात बसून काय करशील, माझी भांडी मोजशील?" ते हसले नाहीत. "मोजीन. भांडी उलटत तरी नाहीत."

दारातून सासूबाईंनी आवाज दिला, चहा निवतोय. आम्ही दोघंही हललो नाही. काकांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.

"चुकलंमाकलं असेल तिथे खूण करा. तुमचं अक्षर बरं आहे. आणि रोजचं यायचं मी बंद करणार नाही, ते डोक्यातून काढा. सातव्या दारानंतर जिने उतरायचेत आपल्याला."

ते असं म्हणाले, आणि बेल थांबण्याची जी भीती मी इतके दिवस धरली होती ती अशी आयती मिटली. गप्प राहायला आता काही कारणच उरलं नव्हतं. उरलं होतं ते एवढंच, की हा माणूस एकतीस वर्षांचं काम साहेबांना दिलेल्या माझ्या एका "नाही"मुळे सोडून देत होता आणि वर माझ्याच अक्षराचं कौतुक करत होता. मी पेन घेतलं नाही. काठी जाळीला लावून ठेवली आणि कागदाची घडी घातली, एकदा, दोनदा, आणि मांडीवर ठेवली.

"काका, चूक आहे यात."

"कुठे?"

"चौथं चाक भरायचं राहिलं ते तुमच्याकडून. ते खरं. पण पुढचं तुम्हांला माहीत नाही."

"पुढचं काय?"

त्यांचा हात अजून तसाच पुढे होता, पेनासकट. मी तो हात दोन्ही हातांत धरला, त्याचं कापणं थांबेपर्यंत नाही, माझं तोंड उघडेपर्यंत.

"तुम्ही पुढे गेल्यावर मी चाकांना टोले दिले. नेहमीसारखे. मागच्या उजव्यात बूट आत गेला, काका. मला कळलं होतं ते मऊ आहे. तुम्हांला हाक मारायला वेळ होता, पंप निवायलाही वेळ होता. मीच थांबले नाही. हे मला पाच महिने आठवतंय, पहिल्या आठवड्यापासून आठवतंय, आणि मी तुम्हांला सांगितलं नाही."