परातीवरचा अंगठा

सर्जेरावांच्या किरकटवाडीच्या घरात रोज सकाळी नऊ वाजता दोन बाळं परातीत घालून मोजली जायची, आणि त्या परातीनं अक्षताचं डोकं फिरवून टाकलं होतं.

दोघी बहिणी एकाच वेळी बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. थोरली अक्षता हिंजवडीच्या कंपनीत मॅनेजर. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले. धाकट्या चैतालीच्या लग्नाला उणंपुरं दीड वर्ष. म्हणजे इथंही ती मागून येऊन बरोबरीला बसली होती. अक्षताला मुलगी झाली, शेफाली. चार दिवसांनी चैतालीला मुलगा झाला, पृथ्वीराज. आई सरुबाईंना येणारंजाणारं म्हणे, नशीबवान आहात, दोन्ही लेकी एकदम. दोन बाळंतिणींचा डिंक, शेपा, शेक, धुरी करता करता त्या नशीबवान बाईची कंबर धरली होती, ते कुणी विचारत नव्हतं.

काटा सर्जेरावांनी आणला होता. मार्केट यार्डात त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा. तिथला जुना इलेक्ट्रॉनिक काटा त्यांनी घासूनपुसून घरी ठेवला. त्यावर पितळी परात, परातीत दुपटं, दुपट्यात बाळ. आकडा सरुबाई भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायच्या, एका चौकोनात वर शेफाली, खाली पृथ्वी. सोय म्हणून केलं होतं ते सगळं. पण एकाच चौकोनात दोन आकडे आले की माणूस ते शेजारीशेजारी वाचणारच, आणि अक्षता तर लहानपणापासून तेच करत आली होती.

पृथ्वीराज दिवसाला तीस-चाळीस ग्रॅमनं चढायचा. चैताली त्याला छातीशी धरायची, एका हातानं मोबाइल बघायची, आणि दहा मिनिटांत तो ढेकर देऊन झोपी जायचा. शेफाली पाऊण पाऊण तास अक्षताला चिकटून असायची. चटक चटक आवाज करायची, दूध ओठांच्या कडेनं गळायचं, मध्येच दमून डोळे मिटायची आणि परत रडत उठायची. अक्षताच्या छातीवर चिरा पडल्या होत्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बहिणीचं पोर शांतपणे घुटके घेत असे, आणि तो आवाज ऐकून अक्षताला वाटायचं, उठावं आणि दार आपटून निघून जावं. हिला काहीच करावं लागत नाही. हिला कधीच काही करावं लागलं नाही.

ही जुनी जखम होती. चैताली शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत आईच्या पदराखाली होती. अक्षताला मात्र तीन आठवड्यांत तोडली आणि जयसिंगकाकांच्या शेळीचं दूध सुरू केलं. घरात ही गोष्ट हसत हसत सांगितली जायची. चैताली तर त्यावरून लहानपणी बें बें करून चिडवायची आणि वर जीभ काढून वेडावायची. अक्षताला उलट वेडावता यायचं नाही. तिची जीभ ओठाबाहेर येतच नसे. म्हणून ती चिमटा काढायची आणि मार खायची.

अठराव्या दिवशी शेफालीचं वजन आदल्या दिवसापेक्षा वीस ग्रॅमनं उतरलं. सरुबाई म्हणाल्या, "असू दे, होतं असं." चैताली म्हणाली, "ताई, तू नीट जेवत नाहीयेस." तिच्या बोलण्यात खोट नव्हती, पण अक्षताच्या अंगाचा तिळपापड झाला.

एकोणिसाव्या दिवशी परात सावरायला म्हणून तिनं कडेला हात ठेवला आणि अंगठा जरासा दाबला. आकडा पन्नास ग्रॅमनं चढला. सरुबाईंनी तो लिहिला, पोरीवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, आणि अक्षताला बाळंतपणानंतर पहिल्यांदा गाढ झोप लागली.

ती कुणाची मुलगी होती हे लक्षात घ्यायला हवं. सुट्टीत दोघी बहिणी गाळ्यावर जायच्या तेव्हा सर्जेराव त्यांना पोत्यावर बसवून शिकवायचे, "काट्याकडं बघू नका. माणसाच्या अंगठ्याकडं बघा." बारा वर्षं नोकरीत असलेल्या संजय मापाड्याला त्यांनी एका अंगठ्यापायी त्याच दुपारी घरी पाठवलं होतं. शेतकऱ्याच्या पोत्यावर अंगठा ठेवणाऱ्याला त्यांच्याकडे माफी नव्हती.

आणि अंगठा एकदा ठेवला की काढता येत नाही. काढला तर आकडा धाडकन खाली येणार. उलट रोज थोडा जास्त दाबावा लागतो. अक्षता मनाशी म्हणायची, उद्यापासून शेफाली नीट पिईल, मग हळूहळू सैल सोडीन. पृथ्वी चार किलोला पोचला तेव्हा शेफाली कॅलेंडरात तीन किलो सातशे होती. बघणाऱ्याला पोरगी हडकुळी दिसे, सरुबाई म्हणत, "अंगानं बारीक हाय, पण हाडं जड हायत." एकदा सर्जेरावांनी तिला हातांवर घेतलं आणि जरा वेळ तसेच उभे राहिले. "हलकी लागती गं," ते म्हणाले. मग त्यांनी कॅलेंडर बघितलं आणि स्वतःच्या हाताला दोष देऊन तिला परत ठेवलं. अक्षता तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला लाज वाटत होती, भीतीही वाटत होती, पण त्या दोन्हींपेक्षा चौकोनातला खालचा, पृथ्वीचा आकडा मोठा होता.

दीड महिन्याच्या लसीला दोन्ही बाळांना एकदमच न्यायचं ठरलं. सिंहगड रस्त्यावरच्या डॉक्टर कल्याणींकडे सर्जेराव सगळ्यांना गाडीतून घेऊन गेले आणि स्वतः बाहेर बाकावर बसले. पृथ्वीराज चार किलो चारशे भरला. मग नर्सनं शेफालीला काट्यावर ठेवलं.

"तीन दोनशे चाळीस," नर्स म्हणाली.

"न्हाई न्हाई," सरुबाई हसल्या. "काल सकाळी घरी चार किलो भरली. परत बघा."

परत बघितलं. तीन दोनशे चाळीस.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काल चार किलो? नक्की?"

"नक्की म्हंजे? कॅलेंडरात लिवलंय. तुमचाच काटा बिघडलाय, बाई."

"आजी, आमचा काटा बरोबर आहे. तुमचा चुकत असेल."

आता ही गोष्ट सर्जेरावांच्या बायकोला सांगायची नव्हती. सरुबाईंनी दार उघडून हाक मारली, "अहो, जरा आत या. ह्या म्हणत्यात आपला काटा खोटा हाय."

सर्जेराव आत आले. त्यांचे कान लाल झाले होते. "डॉक्टरीणबाई, चाळीस वर्षं धंदा केला. काट्यावर कुणी बोट ठेवलं न्हाई. मी घरी जातो, काटा घेऊन येतो, हितंच तुमच्याम्होरं मोजू."

"आजोबा, तुमच्या काट्याचा मला अपमान करायचा नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "पण एका दिवसात पाऊण किलो उतरलं असेल तर हिला मी आत्ता ॲडमिट करणार. सुया, सलाइन, रक्ताच्या तपासण्या, सगळं. आणि आकडा आधीपासूनच चुकत असेल तर मला वेगळीकडे शोधावं लागेल. म्हणून विचारतेय. घरचा काटा खरा की खोटा?"

"खरा," सर्जेराव म्हणाले.

शेफाली उघडी पडून रडत होती. तिच्या मांड्यांना सुरकुत्या होत्या. त्या सुरकुत्या रोज तेल लावताना अक्षतानं बघितल्या होत्या आणि तरी परातीशी गेल्यावर अंगठा दाबला होता. चैताली पृथ्वीला खांद्यावर घेऊन तिच्याकडेच बघत होती.

"काटा खरा आहे," अक्षता म्हणाली. "अंगठा माझा होता."

डॉक्टरांना काही कळलं नाही. बाकीच्यांना एवढं पुरेसं होतं.

 सर्जेरावांनी पुढे होऊन नातीला दोन्ही हातांवर उचललं, जरा वर-खाली केलं आणि म्हणाले, "माझा हात सांगत हुता." ते रागावले असते तर अक्षताला बरं वाटलं असतं. ते नुसतेच शेफालीला तिच्या मांडीवर देऊन बाहेर बाकावर जाऊन बसले.

मग अक्षतानं डॉक्टरांना सगळं सांगितलं, एकोणिसाव्या दिवसापासूनचं. डॉक्टरांनी तिला दूध पाजायला लावलं, तो चटक चटक आवाज ऐकला, आणि हातमोजा घालून शेफालीची जीभ दोन बोटांनी वर उचलली. टोकापर्यंत एक पांढुरका, पातळ पडदा ताणला गेला आणि जिभेचं टोक मधोमध खचलं.

"ही बघा. जीभ खाली बांधलेली आहे. टंग टाय. वरचा ओठ मोकळा आहे, पण जीभ पुढे येत नाही, त्यामुळे हिला दूध ओढताच येत नाही. आई, यात तुमच्या दुधाचा काही दोष नाही." हातमोजा काढत त्या म्हणाल्या, "प्रत्येक बाळाची अशी जीभ सोडवावी लागत नाही. पीत असेल तर मी हात लावत नाही. हिची सोडवायला हवी, आणि खरं तर तीन आठवड्यांपूर्वीच सोडवायला हवी होती. घरात कुणाची आहे का अशी?"

सरुबाई हळूच अक्षताकडे वळल्या. "अक्षा, जीभ काढ बघू."

तेहतीस वर्षांच्या मॅनेजरबाईंनी आईसमोर, बहिणीसमोर जीभ काढली. ती खालच्या दातांशी येऊन अडकली.

सरुबाईंनी वाकून ती निरखून बघितली. "तू बी अशीच चटक चटक करायचीस," त्या म्हणाल्या. "तुझी आजी म्हणायची, हिला दूधच न्हाई. मला दूध होतं गं. लुगडं भिजायचं. न्हाणीत जाऊन पिळून टाकायची मी. मला वाटायचं, पोरीला मीच नकोय. आन् त्या शेळीकडं जयसिंगभाऊजी तुझी वाटी भरायला जायचे ना, त्या शेळीचा मला असा राग यायचा, तिला कुणीतरी बाजारात नेऊन विकावं असं वाटायचं."

इतकी वर्षं अक्षता जिच्या दुधापायी बहिणीवर जळत होती ती आई एका शेळीवर जळत होती. तिला रडू आलं, आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून तिनं ते येऊ दिलं.

सौरभला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, फोन करून विचारलं, कागदावर सही झाली. जीभ सोडवायला जपाच्या एका माळेइतकाही वेळ लागला नाही. कात्री लागली, कापसावर दोन-चार थेंब रक्त आलं, आणि किंचाळणारी शेफाली लगेच अक्षताच्या छातीशी दिली. आधी ती नुसती चाचपडली. मग तिनं पकडलं. अक्षताला पहिल्यांदा ओढ जाणवली, दुखलं नाही, आणि खोलीत घुटक्यांचा आवाज आला. तिनं लगेच मान वर करून बघितलं, चैताली ऐकतेय ना. चैताली ऐकत होती.

गाडीत मागच्या सीटवर चैताली खालच्या आवाजात म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी बघितला होता."

"काय?"

"अंगठा. मीपण अण्णांचीच मुलगी आहे."

"मग बोलली का नाहीस?"

चैतालीनं पृथ्वीचं टोपडं सारखं केलं. "दहावीत तू पहिली, कॉलेजात तू पहिली, पगारात तू पहिली. एकदा तरी ताईला माझ्यापुढे लबाडी करावी लागतेय, असं वाटलं. मला बरं वाटत होतं. सॉरी."

अक्षताला तिचा भयंकर राग आला. पण त्या रागात तिला स्वतःचा चेहराही दिसत होता, त्यामुळे तो तिला पुरता काढता आला नाही.

पुढचे पंधरा दिवस दर वेळी दूध पाजून झालं की वर वाटी-चमच्यानं काढलेलं दूध, जिभेचा व्यायाम, आणि सकाळी नऊला परात. सरुबाईंनी कॅलेंडरातले खोटे आकडे खोडले नाहीत. पुढच्या चौकोनात तीन दोनशे चाळीस लिहिलं आणि तिथून सुरुवात केली. आता सर्जेराव चहा घेऊन मोजणीला समोर बसत. अक्षता दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहायची. शेफाली चढू लागली. तीस, पस्तीस, एके दिवशी पन्नास.

आणि त्याच दिवसांत पृथ्वीराजला सर्दी झाली. नाक चोंदलेलं, दूध तोडून तोडून पिणं, वजन तीन दिवस जागच्या जागी. त्या सकाळी शेफाली साठ ग्रॅमनं चढली. सरुबाईंनी कौतुकानं मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि पृथ्वीला परातीत ठेवलं. चैताली परात सावरायला वाकली.

सर्जेराव तेव्हा बशीत चहा ओतत होते. सरुबाई चष्मा शोधत होत्या. अक्षता बघत होती, आणि काट्याकडे बघत नव्हती.

तिला गप्प राहता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं, आणि तिला बरंच वाटलं असतं.

"चैते," ती हळूच म्हणाली, "अंगठा."

चैतालीनं हात काढला. आकडा खाली आला, आणि सरुबाईंनी चष्मा लावून तो लिहिला. अक्षतानं शेफालीला एका खांद्यावर टाकलं, पृथ्वीराजला परातीतून उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "चल, डॉक्टरांकडे जाऊन येऊ. अण्णा, गाडी काढा."