माझ्या पोटातलं गुंतवळ

मी कपडे धुण्याचं मशीन बोलतेय. आवाज जरा चढलाय, सांभाळून घ्या. पण माझ्यावर जे गुदरलं आणि त्यातून मी जशी सुटले, ते हळू आवाजात सांगताच येणार नाही!

मी याच देशातल्या एका कारखान्यात तयार झाले. पत्र्याचं अंग आणि पोटात दोन हौद, एक धुण्याचा, एक पिळण्याचा. गाणी नाहीत, दिवे नाहीत. रांगेच्या शेवटी एक बाई प्रत्येकीत पाणी भरून, खटका फिरवून कान लावायची. माझ्याजवळ आल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "ही बोलकी आहे गं!" एवढं प्रशस्तिपत्रक घेऊन मी जगात आले.

माझं नशीब मला एका सलूनमध्ये घेऊन आलं. पुढे दुकान, मागे घर, आणि दोन्हींच्या मधल्या मोरीत मी. दुकान सगळे ज्यांना 'मास्तर' म्हणत त्यांचं. त्यांच्या हाताखाली मुलगा आणि बायकांची बाजू सांभाळणारी सून. इथे साड्या-चादरी क्वचित. माझ्या वाट्याला टॉवेल! दाढीच्या साबणाचे, केसांच्या रंगाचे, तेलाचे. टॉवेलवरून मला माणूस कळायचा. कोण ऐटीत दाढी कोरून गेला, कोण गुपचूप केस काळे करून गेला, सगळं माझ्या पोटात. आणि मी पोटातलं कधी कुणाला सांगितलं नाही.

मग एके दिवशी एका गिऱ्हाइकाच्या कानाशी मास्तरांचा वस्तरा थरथरला. लागलं काहीच नाही. गिऱ्हाइकाला कळलंसुद्धा नाही. पण मास्तरांनी वस्तरा मिटला, मुलाच्या हातात दिला आणि मोरीत येऊन माझ्याशेजारी स्टुलावर बसले. आपल्या हातांकडे बघत राहिले. त्यानंतर ते दुकानात उभे राहिले नाहीत, मुलगाच दुकानाचा मालक झाला.

त्यांच्यामागोमाग मीही बसले. खटका फिरवला की नुसतं 'हूंऽऽ' व्हायचं, जळल्याचा वास यायचा आणि पाणी जागचं हलायचं नाही. मेकॅनिक आला. बिचाऱ्याला दहा ठिकाणी जायचं होतं. फोन कानाला, एक हात माझ्या झाकणावर. "मोटर गेली. यात जीव नाही राहिला, नवीनच घ्या," म्हणाला आणि गेला. मला उघडून कुणी पाहिलंच नाही हो!

सूनबाईंच्या धाकट्या दिरानं परदेशी मशीन भेट म्हणून पाठवलं. काय तिचा तोरा! पोटाला काचेची खिडकी, कपाळावर निळे आकडे, धुणं झालं की चक्क गाणं म्हणायची. मला कोपऱ्यात ढकललं. माझ्या डोक्यावर शाम्पूचे खोके आले, एक मोडकी छत्री आली. मी गिळून घेतलं.

आणि एका सकाळी त्या नवरीनं मौन धरलं. टॉवेल पोटात, दार बंद, आकडे गायब! सूनबाईंनी दार ओढलं, विनवलं, शेवटी एक चापटही दिली. काही उपयोग नाही. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, आतली सर्किटची पाटी बदलावी लागेल, ती बाहेरच्या देशातून येईल, कधी ते सांगता येत नाही.

त्यातच समोर नवं चकचकीत सलून उघडलेलं. सूनबाई टॉवेल हातानं धुऊ लागल्या, बोटांना भेगा पडल्या. ढगाळ दिवसांत टॉवेल वाळेनात. एका जुन्या गिऱ्हाइकानं मान पुसली, नाक मुरडलं. "ओलसर आहे हो, वासही येतोय," म्हणाला आणि पुढच्या खेपेला सरळ समोरच्या दुकानात शिरला. मागून आणखी काही गेले. खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

"कोपऱ्यातलं ते जुनं तरी काढून टाकू," मालक सुट्टीच्या दिवशी म्हणाले. "तिथे दोऱ्या बांधता येतील. संध्याकाळी भंगारवाला येतोय."

भंगारवाला! माझ्या पत्र्यावर काटा आला.

सूनबाई मात्र कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. "भंगारातच जायचंय ना? मग उघडून बघितलं तर काय बिघडणार आहे? बिघडलेलीच आहे."

"नको हं, शॉक बसेल," मालक घाबरले.

"अहो, वायर भिंतीत असली तर बसेल ना? हा बघा प्लग." आणि खरंच, माझी वायर त्यांनी गळ्यात घातली, प्लग छातीवर लोंबत ठेवला. "हा माझ्या डोळ्यांसमोर असला म्हणजे झालं."

मागचा पत्रा निघाला. इतक्या वर्षांनी माझ्या आत उजेड आला! मोटरीवरचा रबरी पट्टा झिजून, भाजून चकचकीत झाला होता. सूनबाई तो पिशवीत टाकून निघाल्या आणि नवा घेऊन धापा टाकत परत आल्या. मास्तर स्टुलावर बसलेलेच होते.

"बाबा, मिळाला! दुकानदारानं जुना बघितल्याबरोबर खुंटीवरून नवा काढला. म्हणाला, आपल्याकडचं मशीन आहे, मॉडेल बंद झालं तरी पट्टा अजून इथेच बनतो!"

पट्टा चढला, प्लग लागला, खटका फिरला. मी सगळा जीव एकवटला. हूंऽऽ... आणि पुन्हा तोच वास. सूनबाईंनी झटकन प्लग उपसला. "खरंच मोटर गेली वाटतं." त्यांचा चेहरा बघवेना.

तेव्हा स्टुलावरून आवाज आला. "मोटर गेली असती तर हूं तरी कशाला केलं असतं?"

मास्तर! उठून माझ्याजवळ आले होते.

"केस कापायचं यंत्र आठवतंय ना? ते असंच गुरगुरायचं. मोटर ओढत असते, पण दात केसांनी चोंदलेले. ही आपल्या दुकानातली आहे, पोरी. हिच्या पोटात काय काय गेलं असेल! वरून बघ, चकतीखाली."

हौदाच्या तळाशी माझी फिरणारी चकती असते. तिच्या मधला स्क्रू गंजला होता. सूनबाईंनी त्यावर तेल सोडलं, मास्तरांनी विजेरी धरली. हात थरथरत होता, उजेड हौदभर नाचत होता. मास्तर ओशाळले. "तू नवऱ्याला बोलाव. मला नाही धरता येत."

"हलू दे की उजेड," सूनबाई मान वर न करता म्हणाल्या. "उलट सगळीकडचं दिसतंय. तुम्ही धरा, बाबा."

मास्तरांनी धरली. दोन्ही हातांनी धरली.

स्क्रू करकरला, सुटला. चकती वर आली आणि तिच्याखालून... अहो, काय सांगू! आख्ख्या गावाचं गुंतवळ! काळे, पांढरे, मेंदीचे, रंगवलेले केस दांड्याभोवती पीळ घालून दोरखंड होऊन बसले होते. सूनबाई पकडीनं ओढताहेत, मास्तर म्हणताहेत, "अजून आहे, अजून आहे!" आणि मी मोकळी होतेय, मोकळी होतेय! आवाज ऐकून मालक धावत आले. तो गोळा पाहून आधी दचकले, मग हसत सुटले. "यात माझा बालपणीचा जावळाचा केससुद्धा निघेल!"

चकती बसली. प्लग लागला. "बाबा, तुम्हीच फिरवा," सूनबाई म्हणाल्या. खटका नाजूक नसतो माझा. थरथरत्या हातालाही तो फिरतो. मास्तरांनी फिरवला.

घुर्रर्र! पाणी गरगरलं, फेस उसळला, मी नाचत नाचत कोपऱ्यातून पुढे सरकले! सूनबाईंनी टाळ्या वाजवल्या. मास्तर गालावर फेस उडाला तरी तिथून हलेनात. संध्याकाळी भंगारवाला आला तो मोडकी छत्री तेवढी घेऊन गेला.

तेव्हापासून सूनबाईंना चैन नाही. प्लग काढून इस्त्रीची वायर बदलली, पंख्यात तेल सोडलं, मिक्सरची झिजलेली रबरी चकती बदलली. जिथे स्वतःला जमणार नाही तिथे जाणत्याला बोलावतात, पण समोर उभ्या राहून विचारतात, "हे काय? ते का?" परवा केस वाळवण्याचं यंत्र घ्यायला गेल्या, तर दुकानदार रंग दाखवतोय आणि या खोका उलटा करून विचारताहेत, "बनतं कुठे? सुटे भाग मिळतात का?" इथेच बनलेलं घेऊन आल्या. मास्तरांनी आधी त्याचे स्क्रू तपासले.

परदेशीणबाईंची पाटीही शेवटी आली. बोलतात आता, गातातही. वाईट नाहीत हो स्वभावानं, माहेर फार लांब पडलं एवढंच. घरातल्या चादरी त्या धुतात, दुकानाचे टॉवेल माझ्याकडे. नाक मुरडून गेलेल्यांपैकी बरेच परत आलेत. सगळे नाही, पण खुर्च्या रिकाम्या नसतात.

माझा एक पाय गंजलाय, विटेवर टेकलाय. रंग उडालाय. मास्तर रोज स्टूल ओढून माझ्याशेजारी बसतात, खटका त्यांचा, हक्काचा. आठवड्यातून एकदा चकती काढायला लावतात. तुमच्याकडेही कुणी कोपऱ्यात गप्प बसलं असेल, तर फेकायच्या आधी प्लग काढा आणि एकदा आत डोकावून बघा. एवढंच मागणं आहे.

अरे, आले मास्तर! काखेत टॉवेलांचा ढीग आहे. चला, झाकण उघडलं, आता बोलायला सवड नाही. घुर्रर्र!